क्विंटलमधले शंभर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा सुरू झाला की पोत्यांची तोंडं उघडतात. कुणी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, कुणी नाकाला लावतो, आणि मग दर फुटतो तो क्विंटलचा. गावाकडून आलेली माणसं ‘कुंटल’ म्हणतात.

इंग्रजी शिकलेल्याला या शब्दात पाच ऐकू येतात, कारण लॅटिनमध्ये ‘क्विंटुस’ म्हणजे पाचवा. पण क्विंटलचा पाचाशी काही संबंध नाही. त्यात लपलेत ते शंभर. मूळ लॅटिन शब्द ‘केंटेनारियुम’, म्हणजे शंभर पौंडांचं वजन. तो ग्रीक आणि पश्चिम आशियातल्या भाषांतून अरबीत गेला आणि ‘किंतार’ झाला. तिथून तो पुन्हा युरोपात आला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्विंटाले’ झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचला. घरचाच शब्द परक्या वेषात परत आला, त्यामुळे ‘केंटुम’शी, म्हणजे शंभराशी, असलेलं त्याचं नातं कुणाला ओळखू येईना.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. लॅटिन ‘केंटुम’ आणि संस्कृत ‘शतम्’ एकाच आदिम शब्दातून निघाले आहेत. म्हणजे आपलं ‘शतक’ आणि अडत्याच्या पट्टीवरचं, म्हणजे दलालाने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरचं, ‘क्विंटल’ चुलत भावंडं आहेत.

शंभराचा आकडा टिकला, पण शंभर कशाचे हे बदलत गेलं. रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा, म्हणजे शंभर पौंड जेमतेम 33 किलो. दशमान पद्धत आल्यावर क्विंटल 100 किलोचा झाला, तिपटीने जड.

भारतात दशमान वजनांचा कायदा 1956 सालचा. त्याआधी मण चालायचा: 40 शेरांचा, सुमारे 37.32 किलोचा. माझे आजोबा पट्टी हातात आली की आधी मणाचा हिशेब मांडायचे. एका क्विंटलमध्ये 2.68 मण, हा भागाकार ते बोटांवर करायचे आणि मगच पट्टी घडी घालून खिशात ठेवायचे.

ऊस मात्र आपल्याकडे टनावरच बोलला जातो. तो शब्दही प्रवासी आहे: ‘टन’ म्हणजे मुळात वाइनचं भलंमोठं लाकडी पिंप.