हॉस्पिटल मॅनेजमेंटचं पीजी करायचंय? सीईटीचा अभ्यास नंतर, आधी कागदं बघा

वॉर्ड इनचार्ज सिस्टर, फिजिओ, लॅबचे लोक, बीएएमएस करून कुठल्यातरी हॉस्पिटलमध्ये आरएमओ म्हणून राबणारे, या सगळ्यांना कधी ना कधी वाटतंच की ड्युटी रोस्टर आपण लावतो, स्टाफची भांडणं आपण मिटवतो, नातेवाईकांच्या शिव्या आपण खातो, मग मॅनेजरची खुर्ची अन् पगार दुसऱ्याला का. रास्त आहे. पण नागपुरात जेवढे लोक यासाठी फॉर्म भरताना बघते त्यातले बरेचसे परीक्षेत नाही, कागदात आपटतात. म्हणून हे लिहितेय, अन् जिथं अडकतात तिथंच जास्त लिहिणार आहे.

रस्ते कोणते ते पटकन सांगते. एक, दोन वर्षांचं रेग्युलर एमबीए, हॉस्पिटल किंवा हेल्थकेअर मॅनेजमेंटवालं, राज्याच्या सीईटीतून. दोन, फक्त नर्सिंगवाल्यांसाठी एमएससी नर्सिंग, ज्यात दुसऱ्या वर्षाला नर्सिंग मॅनेजमेंट हा पेपर असतो. तीन, नोकरी सांभाळून करायचा डिस्टन्सचा पीजी डिप्लोमा. एमबीबीएस झालेल्यांना नीट पीजीतून हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं एमडी वेगळं आहे, त्यांचा विषय इथं नाही.

आता सगळ्यात कडू गोष्ट आधी. जीएनएम, म्हणजे बारावीनंतरचा नर्सिंगचा कोर्स, ही डिग्री नाही, डिप्लोमा आहे. पंधरा-वीस वर्षं वॉर्ड चालवलेल्या सिस्टर येतात, ज्यांच्याकडून नवे डॉक्टर सलाईनचा रेट विचारून घेतात, अन् फॉर्ममध्ये ग्रॅज्युएशनच्या रकान्यात जीएनएमचे मार्क टाकतात. फॉर्म सबमिट होतो, पैसे कटतात, कधीकधी परीक्षाही होते, कारण सीईटीचा फॉर्म भरताना कोणी कागद तपासत नाही. तपासतात नंतर, अन् तेव्हा सरळ अपात्र. अनुभवाला तिथं काही किंमत नाही, वाईट वाटतं पण नियम तसाच आहे. जीएनएमवाल्यांनी आधी पोस्ट बेसिक बीएससी करायचं, रेग्युलर असेल तर दोन वर्षं, किंवा इग्नूचं तीन वर्षांचं जे नोकरीतल्या नर्सेससाठीच आहे, अन् मग पीजी. उलट बीएससी करून वर डीएमएलटी केलेले लॅबवाले उगाच घाबरतात की आपला तर डिप्लोमा. तुमची बीएससी आहे ना, मग तीच धरायची, डीएमएलटी बाजूला ठेवा.

एमबीएसाठी कमीत कमी तीन वर्षांची कुठलीही डिग्री अन् ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४५. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक यात बसतं का ते फॉर्मआधीच विचारून घ्या. सीईटी २०० प्रश्नांची, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॅट किंवा सीमॅटचा स्कोअरही कॅपला, म्हणजे राज्याच्या एकत्रित ॲडमिशन प्रक्रियेला, चालतो. परीक्षेबद्दल एवढंच, बाकी क्लासवाले सांगतातच.

सीईटी दिली म्हणजे ॲडमिशनच्या रांगेत लागलो असं लोक समजतात. नाही हो. कॅपचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, त्याची फी वेगळी, त्याच्या तारखा वेगळ्या, अन् ते रिझल्टनंतर सुरू होतं. चांगले पर्सेंटाइल घेऊन घरी बसून राहिलेली मुलं बघितली आहेत, कॉलेजचा फोन येईल म्हणून वाट बघत. कोणी फोन करत नाही. दुसरं म्हणजे फॉर्म सायबर कॅफेत भरला असेल तर मोबाईल नंबर अन् ईमेल कोणाचा टाकलाय ते आत्ताच बघा. सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत कुठंही जा, घाई असली की कॅफेवाला भाऊ स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो, कारण ओटीपी पटकन येतो. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे ऑनलाइन तपासणीत, कागद चुकला की अर्ज शेरा मारून परत पाठवतात, त्याचा मेसेज मग त्याच्या मोबाईलवर जातो अन् तुम्हाला पत्ताच नसतो. रोज एकदा लॉगिन करून स्टेटस बघायची सवय लावा. प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट लागल्यावर हरकत घ्यायला फार थोडे दिवस मिळतात, नावातली, मार्कांतली, कॅटेगरीतली चूक तेव्हाच सांगायची. फायनल लागल्यावर खिडकीवरचा माणूस फक्त मान हलवतो.

कॅटेगरीच्या कागदांवर थोडं थांबते कारण इथंच सगळ्यात जास्त रडारड होते.

नॉन क्रिमीलेअरची तारीख लोक हमखास चुकीची वाचतात. डिसेंबरात काढलं म्हणजे पुढच्या डिसेंबरपर्यंत चालेल असं नसतं, त्यावर जी वैधता छापलीय ती ३१ मार्चची असते, अन् कॅपला ज्या शैक्षणिक वर्षात ॲडमिशन घेता त्या वर्षाच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. म्हणजे २०२५-२६ च्या ॲडमिशनला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं. जानेवारीत हौसेनं काढलेलं बऱ्याचदा त्याच मार्चला संपलेलं असतं अन् जुलैत अपलोड करताना कोणी खालची ओळ वाचत नाही. उत्पन्नाचा घोळ वेगळाच. मर्यादा ८ लाखांची, पण आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, हे सेतूत बसलेल्यालाही कधीकधी माहीत नसतं अन् तो बाबांची सॅलरी स्लिप बघून परत पाठवतो. लग्न झालेल्या मुलींनो, तुमचं नॉन क्रिमीलेअर माहेरच्या उत्पन्नावर निघतं, नवऱ्याच्या नाही. हे शांतपणे सांगायचं, भांडायचं नाही, ऐकलं नाही तर तहसील किंवा एसडीओ ऑफिसात लेखी मागायचं. आणि शिक्षणाच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, कोणी ५०० चा स्टॅम्प आणायला लावला तर का म्हणून विचारा. ईडब्ल्यूएसवाल्यांनी फक्त एवढं बघा की सर्टिफिकेट राज्याच्या नमुन्यातलं आहे, केंद्राच्या नोकरीसाठी काढलेलं कॅपला लावू नका.

जातवैधता तर वेगळंच प्रकरण. जात प्रमाणपत्र हातात आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, व्हॅलिडिटी वेगळी असते हे कॅपच्या वेळी कळतं. नागपुरात एससी, ओबीसी, भटक्या-विमुक्तांची समिती दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात, एसटीची वेगळी. अर्ज ऑनलाइन होतो, पण पुरावा जुना लागतो, अन् तोच कोणाकडे नसतो: एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी-एसबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला नाहीतर गावची कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, म्हणून जुन्या नोंदी पुष्कळदा हिंदीत असतात. नक्कल हातात आली की त्यात लिहिलेलं असतं ‘महादेव वल्द गणपत, कुनबी’, आडनावाचा पत्ता नाही, कुणबीतला ण गायब, अन् पोरगी घाबरून विचारते की हे आमचेच आजोबा कशावरून. घाबरू नका, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र त्यासाठीच असतं, फक्त ती नावं बाकीच्या दाखल्यांशी जुळली पाहिजेत. घरात काका-आत्याची, चुलत भावाची व्हॅलिडिटी झाली असेल तर त्याची प्रत आधी मिळवा, अर्धं काम तिथंच होतं. पण ज्यांचे आजोबा बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून त्या तारखेनंतर नागपुरात आले त्यांना इथं आरक्षण मिळत नाही, घरी नागपुरी बोलत असलात तरी. हे आधी कळलेलं बरं.

बरं, यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. कागद नसला की तुम्हाला ओपनमध्ये टाकतात, तर लोकांना वाटतं ठीक आहे, ओपनमधून लढू. पण डिग्रीला ४७ टक्के असतील तर ओपनमध्ये गेल्यावर ५० ची अट लागते अन् तुम्ही यादीतूनच बाहेर. म्हणून ४५ ते ५० च्या मधल्यांनी व्हॅलिडिटी हातात असल्याशिवाय बाकी खर्चच करू नये असं मी स्पष्ट सांगते. ज्यांच्या मार्कशीटवर फक्त सीजीपीए आहे त्यांनी युनिव्हर्सिटीचं कन्व्हर्जनचं पत्र आधीच काढावं, मनानं दहानं गुणून टाकू नये.

नावाचा घोळ बायकांच्या वाट्याला जास्त येतो. डिग्री माहेरच्या नावाची, आधार सासरचं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पहिल्या नावाचं अन् बँक पासबुकात तिसरंच काहीतरी. कॅपचा फॉर्म दहावी-बारावीच्या मार्कशीटवरच्या नावानंच भरा, अन् सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवा. विवाह नोंदणी मनपाच्या झोन ऑफिसात होते, लग्नाला दहा वर्षं झाली असली तरी होते, लाजायचं काही नाही. डिस्टन्सवाल्यांना तर हे टाळताच येत नाही, कारण आता डिस्टन्स-ऑनलाइन ॲडमिशनला यूजीसीच्या डिस्टन्स विभागाचा डेब आयडी लागतो, तो एबीसी आयडी (क्रेडिट बँकेचा नंबर) आणि आधारवरून निघतो, नाव जुळलं नाही की तिथंच अडलं.

अनुभव प्रमाणपत्र एमबीएला लागत नाही, एमएससी नर्सिंगला लागतं. तिथं बीएससीला ५५ टक्के, एससी-एसटीला ५ टक्क्यांची सूट, कौन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन (५ वर्षांनी रिन्यू होतं, तारीख बघा) आणि किमान एक वर्षाचा अनुभव. बेसिक बीएससीवाल्यांचा डिग्रीनंतरचाच धरतात, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. आता प्रायव्हेट हॉस्पिटलची पत्रं कशी असतात माहितीये? लेटरहेडवर दोन ओळी, ‘शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’, खाली सही, अन् जॉइनिंगची तारीख नाही, पद नाही, सोडल्याची तारीख नाही. पगार रोखीत दिलेला असतो म्हणून कोणी लिहून द्यायला तयार नसतं. पत्रात पद, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की नाही, सही करणाऱ्याचं नाव-पद आणि हॉस्पिटलचा नोंदणी नंबर एवढं हवंच, सोबत पीएफचं पासबुक किंवा बँकेत जमा झालेल्या पगाराचं स्टेटमेंट जोडलं तर कोणी शंका घेत नाही. नोकरी सोडतानाच पत्र मागून घ्या, सहा महिन्यांनी गेलात तर एचआर बदललेला असतो. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी सिस्टरांनी ११ महिन्यांचे सगळे आदेश जपून ठेवा, एकाच आदेशावर वर्ष पूर्ण होत नाही.

सरकारी नोकरीतल्यांना ना हरकत अन् अभ्यास रजा लागते, अन् ही फाईल कुठून जाते ते प्रत्येकाचं वेगळं. नागपुरातल्या मेडिकल अन् मेयो या सरकारी कॉलेज-हॉस्पिटलवाल्यांची अधिष्ठात्यांकडून वर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागासारख्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यातल्यांची माता कचेरीतल्या उपसंचालकांकडे, मनपावाल्यांची त्यांच्या आरोग्य विभागातून. सीट लागल्यावर अर्ज केला तर कॉलेजची रिपोर्टिंगची तारीख निघून जाते अन् फाईल टेबलावरच असते. सीईटीचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात अर्ज टाका अन् आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका.

कॉलेज निवडताना दोन गोष्टी विचारा. स्पेशलायझेशन खरंच चालतं का, कारण ब्रोशरमध्ये हॉस्पिटल मॅनेजमेंट असतं पण दुसऱ्या वर्षी पुरेशी मुलं नसली की मार्केटिंग घ्या म्हणतात. अन् सीट कॅपची आहे की इन्स्टिट्यूट लेव्हलची (कॉलेज स्वतः भरतं ती), कारण महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची फी सवलत कॅपमधून आलेल्यांनाच मिळते. मुलींच्या फीमाफीचा २०२४ चा जीआरही खाजगी अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना लागू नाही, हे ॲडमिशन काउन्सेलर आपणहून कधीच सांगणार नाही. वीकएंडला क्लास अन् वर्षभरात डिग्री म्हणणाऱ्यांचं नाव आधी एआयसीटीईच्या किंवा यूजीसीच्या यादीत शोधा, चालू सत्राच्या यादीत, दोन वर्षांपूर्वीच्या नाही.

सीट लागली अन् तीच पक्की करायची ठरवली की दोन कामं असतात, ऑनलाइन सीट स्वीकारून फी भरणं आणि नंतर कॉलेजात जाऊन रिपोर्ट करणं. पहिलं केलं अन् दुसरं राहिलं तर सीट जाते. तिथं गेल्यावर ओरिजिनल दाखवा, तपासून झाले की परत घ्या. ठेवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे, तरी ‘फाईलला लागतात’ म्हणून मागतात. झेरॉक्स सेल्फ अटेस्टेड करून द्या, अन् तरीही काही ठेवून घेतलंच तर शिक्क्यासकट पावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, कारण उद्या ॲडमिशन रद्द करावी लागली तर हीच कागदं परत मागायला जावं लागतं.