कवटीतल्या बिया आणि परकी फौज

फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युअल मॉर्टन जगभरातून माणसांच्या कवट्या जमवत. कवटीत बारीक बिया ठासून भरायच्या, त्या मोजपात्रात ओतायच्या, की आतली जागा किती ते कळलं. १८३९ मध्ये त्यांनी सरासऱ्या छापल्या: गोऱ्यांची ८७ घनइंच, आफ्रिकी लोकांची ७८. शरीराच्या आकारमानाचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. आणि कवटी मोजून कुठल्या समाजाला राज्य चालवता येईल हे कसं कळणार? पण आकडा छापला गेला की पूर्वग्रहसुद्धा मोजमाप वाटू लागतो.

साठेक वर्षांनी वंशांची हीच उतरंड राजकारणात कामी आली. १८९८ मध्ये अमेरिकेनं स्पेनकडून फिलिपिन्स दोन कोटी डॉलर देऊन घेतलं. तिथल्या लोकांनी जूनमध्येच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. मग त्यांना न विचारता हा व्यवहार झालाच कसा? वंशविचारानं हा अडचणीचा प्रश्नच बदलून टाकला: ‘यांना स्वराज्य झेपेल का?’ आता फौज म्हणजे आक्रमण नव्हे, पालकत्व. पुढे तिथले अमेरिकी गव्हर्नर झालेले टाफ्ट फिलिपिनो लोकांना ‘छोटे तपकिरी भाऊ’ म्हणत. शब्द मायेचा, पण धाकटा कधी मोठा झाला, हे ठरवणार थोरलाच.

१९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तर हजारावर फिलिपिनो माणसंच आणून ठेवली होती, ‘रानटी’ ते ‘सुधारलेले’ अशा क्रमानं. प्रेक्षकानं चालत जायचं आणि प्रगती बघायची!

गंमत म्हणजे, फिलिपिन्स घेऊ नका म्हणणारे दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर टिलमनही कट्टर वंशवादीच होते. त्यांना गोऱ्या देशात आणखी काळीसावळी प्रजा नको होती. म्हणून ‘वंशवाद होता म्हणून साम्राज्य आलं’ हे समीकरण मला फार सोपं वाटतं. हेतू जमिनीचा, व्यापाराचा, आरमारी तळाचा; वंशविचार त्याला चारचौघांत मिरवता येईल असं कारण पुरवतो.

कॅरिबियन समुद्रातल्या, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या हैती देशात हे उघडं दिसतं. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी तिथल्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. जुलै १९१५ मध्ये हैतीच्या राष्ट्राध्यक्षाची हत्या झाली आणि ‘सुव्यवस्थे’साठी अमेरिकी फौज उतरली. आफ्रिकी वंशात राज्य चालवण्याची कुवतच नाही, असं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी नंतर एका पत्रात लिहिलं. १९१८ च्या नव्या राज्यघटनेनं परक्यांना हैतीत जमीन घेण्याची मुभा दिली. वंशाच्या कुवतीचा आणि जमिनीच्या मालकीचा संबंध काय, ते लॅन्सिंगच जाणोत.

१९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला: माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात, तथाकथित वंशांमधले जेमतेम ६ टक्के. हा हिशेब उशिराच आला; हैतीतून फौज १९३४ मध्येच परतली होती. तिजोरीवरची अमेरिकी देखरेख मात्र १९४७ पर्यंत हलली नाही.