टॅरोच्या पत्त्यांत भीती कधी शिरली?

खान्देशात पत्ते म्हटले की आठवते ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. एरवी घरात पत्त्यांना हात लावू न देणारी वडीलधारी मंडळीही त्या दिवशी कानाडोळा करतात. सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर, आणि गडी पारावर नाहीतर ओट्यावर डाव मांडून. हरलं तर चार पैसे गेले, जिंकलं तर आले. उद्या काय होईल हे कोणी पत्त्यांना विचारत नाही. म्हणूनच ‘नोकरी लागेल का’, ‘तो परत येईल का’ असं पत्त्यांनाच विचारणारी टॅरोची लाट मोबाइलवरून जळगाव, धुळे, नंदुरबारपर्यंत आली, तेव्हा जुन्या माणसांना ती अजब वाटली. गंमत अशी की टॅरोचे पत्तेही मुळात खेळायलाच निघाले होते.

युरोपात पत्ते पोचले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इजिप्तच्या मामलुक राज्यातून. चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे त्यांचे चार प्रकार. पोलो इटलीत कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून तिथे त्या नुसत्याच काठ्या झाल्या. पुढच्या शतकात उत्तर इटलीतल्या श्रीमंतांनी या साध्या पानांना चित्रांचे हुकूम जोडले: सम्राट, पोप, प्रेमी, दैवचक्र, मृत्यू, चंद्र, सूर्य. फ्लॉरेन्समधली १४४० सालची नोंद ही या पत्त्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. पुढे संच ठरला ७८ पानांचा, ५६ साधी आणि २२ चित्रांची.

या पत्त्यांच्या पहिल्या शौकिनांत मिलानचा ड्यूक फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती येतो, आणि भीतीचा विषय निघाला की त्याला टाळून पुढे जाता येत नाही. त्याच्या चिटणिसाने लिहिलेल्या चरित्रात तो विजेच्या कडकडाटाला इतका भ्यायचा की त्याने दुहेरी भिंतींची खोली बांधून घेतली, असं आहे. घातपाताच्या धास्तीने तो रात्रीतून दोन-तीनदा झोपायची जागा बदलायचा. ज्योतिषांना विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. याच माणसाने एका रंगवलेल्या संचासाठी दीड हजार सुवर्णमुद्रा मोजल्याचं तेच चरित्र सांगतं. तरीही भविष्य विचारायला तो पत्त्यांकडे गेला नाही. त्यासाठी त्याचे ज्योतिषी होते. पत्ते होते करमणुकीला.

१४४७ मध्ये तो वारला. जावई फ्रान्चेस्को स्फोर्झाच्या काळातला एक संच आज बराचसा शिल्लक आहे. त्यातली चार पानं सापडत नाहीत: तलवारीची तिर्री, नाण्यांचा घोडेस्वार, सैतान आणि वीज कोसळलेला बुरूज. सासऱ्याची विजेची धास्ती आठवून यातून गोष्ट रचायचा मोह होतो, पण पाचशे वर्षांत पत्ते हरवतातच. मृत्यूचं पान मात्र त्या संचात आहे. १३४७ नंतरच्या प्लेगने युरोप उजाड केला, तेव्हापासून हाडांचे सापळे तिथल्या चर्चच्या भिंतींवरही नाचतच होते; पत्त्यांत एक आला तर नवल नाही. पुढच्या फ्रेंच संचांत मृत्यूच्या, म्हणजे तेराव्या पानाखाली बहुधा नावच छापत नसत. खेळतानाही थोडं बिचकणं होतंच म्हणायचं.

भविष्याचा धंदा सुरू झाला अठराव्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमध्ये. १७८१ मध्ये कूर द जेबलां या विद्वानाने जाहीर केलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ. पुरावा शून्य, इजिप्तची चित्रलिपी वाचता यायला १८२२ साल उजाडायचं होतं. पण लोकांना ते आवडलं. मागोमाग एतेया या टोपणनावाचा, एकेकाळी बियाण्यांचा व्यापार केलेला माणूस आला आणि त्याने टॅरोवरून भविष्य सांगायची पद्धत १७८५ मध्ये छापली. पान सुलटं पडलं तर एक अर्थ, उलटं पडलं तर दुसरा, हाही त्याचाच परिपाठ. म्हणजे चांगल्या पानातही धास्तीला जागा झाली. चारच वर्षांत फ्रान्समध्ये क्रांती झाली. अशा दिवसांत भविष्य सांगणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या गूढविद्यावाल्यांनी त्यावर ज्यू गूढवाद, ग्रह, राशी असं बरंच चढवलं. ते सगळं इथे नको.

आजची टॅरोची भीती खरी आकाराला आली १९०९ मध्ये, लंडनला. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने नवा संच काढला. तोवर बहुतेक संचांत तलवारीची नव्वी म्हणजे नऊ तलवारी, बस्स. स्मिथने तिथे एक बाई बसवली. रात्र, पाठीमागे मिट्ट काळोख, त्यात आडव्या नऊ तलवारी. बाई अंथरुणात उठून बसलेली, तोंड दोन्ही हातांत. पायावरच्या गोधडीत गुलाबाचे आणि राशिचिन्हांचे चौकोन. तलवार एकही तिला लागलेली नाही. नाण्यांच्या चव्वीत एक माणूस एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळून आणि दोन पायांखाली दाबून बसलाय. पंजीत दोन भणंग माणसं बर्फातून चालली आहेत, वर चर्चची खिडकी उजळलेली. सैतान-बुरूज राजेरजवाड्यांचे, ही पानं कर्ज, नोकरी आणि जागरणाची. कोणालाही त्यात आपलं तोंड दिसतं, आणि आज टॅरो इतका चालतो तो माझ्या मते यामुळे. खुद्द स्मिथने मोठं काम फार थोड्या पैशांत केल्याचं पत्रात लिहिलं होतं. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

खान्देशाला भविष्य विचारणं नवं नाही. चाळीसगावजवळ पाटणे इथला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. मिलानच्या ड्यूकप्रमाणे देवगिरीच्या राजालाही पदरी ज्योतिषी लागत होता. गावाचा प्रश्न वेगळा होता: पाऊस. खान्देशच्या सीमेलगत, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला आखाजीच्या संध्याकाळी घट मांडतात. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, वर पाण्याची घागर, भोवती धान्यं. पहाटे भाकीत ऐकायला आपल्याकडचेही शेतकरी जातात. वेधशाळेचा त्याला आधार नाही, पण प्रश्न मात्र सगळ्यांचा मिळून एक असतो. त्याच आखाजीला सालदाराचं साल ठरतं; वर्षभराच्या भाकरीची हमी ती तिथे, तोंडी बोलीवर.

बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) तर ऐन वैधव्यात ज्योतिषाला दारी येऊ नको, हात बघू नको असं ओवीत बजावलं. दोन लेकरं सुखी राहोत, एवढ्यात त्यांचं नशीब आलं.

आता प्रश्न एकेकट्याचे झाले. कापूस-केळीच्या भावाची चिंता घरात सगळे मिळून बोलतात, पण स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न किंवा मोडलेलं प्रेम कोणाजवळ काढायचं? पत्रिका बघायची तर जन्मवेळ लागते, ती आईला विचारावी लागते, आणि आईला विचारलं की कशाला हवी हे सांगावं लागतं. टॅरोला जन्मवेळ लागत नाही. रात्री अकरा वाजता, पांघरुणात, मोबाइलवरच्या तीन पानांपैकी एकावर बोट ठेवलं की झालं. पानही ओरडत नाही. ‘डेथ म्हणजे मरण नाही, बदल’ असं सांगणारा आवाज मऊ असतो. तेवढ्याने कोणाला झोप लागत असेल तर मला त्यात फार वावगं दिसत नाही.

वावगं आहे ते पुढचं. आपल्याकडे भविष्य म्हटलं की उपाय आलाच: ग्रहशांत, खडा, ताईत. टॅरोच्या ७८ पानांत उपाय नावाचं एकही पान नाही, म्हणून बाजाराने ते शेजारी आणून ठेवले आहेत. बुरूज निघाला की स्फटिकाचं ब्रेसलेट, तलवारीची नव्वी निघाली की मेणबत्त्या आणि पुन्हा एक सशुल्क रीडिंग.