विद्यार्थी प्रकल्प : सेन्सर, मोटर आणि कॅमेरा

सेन्सरने परिस्थिती टिपायची, मायक्रोकंट्रोलरने (प्रोग्रामप्रमाणे चालणाऱ्या चिपने) किंवा छोट्या संगणकाने निर्णय घ्यायचा आणि मोटरने तो अमलात आणायचा, या साखळीवर अभियांत्रिकीचे विद्यार्थी बांधतात त्या उपकरणांची ही नोंद आहे. काळ्या रेषेवरून धावणारी गाडी, अडथळा टाळणारा रोबो, रंगावरून वस्तू वेगळ्या करणारा पट्टा, चेहऱ्यामागे वळणारा कॅमेरा हे त्यांचे नेहमीचे प्रकार. सुटे भाग तयार मिळतात. खरी अभियांत्रिकी असते ती ते भाग एकमेकांना जोडण्यात.

या परंपरेला स्पर्धांनी मोठे बळ दिले. ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या मासिकाने १९७७ मध्ये भूलभुलैयातून स्वतः वाट काढणाऱ्या ‘मायक्रोमाउस’ची स्पर्धा जाहीर केली. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत ‘फर्स्ट’, १९९७ मध्ये ‘रोबोकप’ आणि २००२ मध्ये ‘एबीयू रोबोकॉन’ या रोबोंच्या स्पर्धा सुरू झाल्या. साधनांच्या बाबतीत मोठा बदल घडवला तो इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डने. बोर्ड केबलने संगणकाला जोडायचा आणि प्रोग्राम थेट त्यावर चढवायचा, इतके काम सोपे झाले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला आणि कॅमेऱ्याची प्रतिमा उपकरणावरच तपासणे आवाक्यात आले.

अंतर मोजायला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर सर्रास वापरतात. तो ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्याचा वेळ मोजतो. २० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणून १ मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी साधारण ५.८ मिलिसेकंदांनी येतो. भिंत तिरकी असली तर ध्वनी भलतीकडे परावर्तित होतो, मऊ कापड तो शोषून घेते. अशा वेळी समोर अडथळा असूनही सेन्सरला तो ‘दिसत’ नाही. रेषा ओळखणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरची अडचण वेगळी. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असल्यामुळे खोलीत ठरवलेली काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा उन्हात चुकते.

सर्वाधिक वेळ मात्र वीजपुरवठा खातो. आर्डुइनो ऊनो आर३ या बोर्डाच्या एका पिनमधून सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह निर्धोकपणे घेता येतो. मोटरला त्याच्या कित्येक पट लागतो. म्हणून मध्ये ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर बॅटरीतला प्रवाह मोटरला देणारे सर्किट, बसवतात. एल२९८एन हा लोकप्रिय ड्रायव्हर स्वतःवरच साधारण २ व्होल्ट खर्च करतो, त्यामुळे ६ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरपर्यंत जेमतेम ४ पोहोचतात. शिवाय थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर भरमसाट प्रवाह ओढते, व्होल्टेज कोसळते आणि बोर्ड रीसेट होतो. चाक एक हिसका देते, थांबते, पुन्हा हिसका देते. विद्यार्थी चूक कोडमध्ये शोधत बसतात, दोष असतो वायरिंगमध्ये. मोटर आणि बोर्ड यांना वेगळा पुरवठा, पण ग्राउंड (शून्य व्होल्टची सामाईक जोडणी) एकच, आणि मोटरच्या टोकांना छोटा कपॅसिटर, एवढ्याने बहुतेकदा काम भागते. हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.

कॅमेरा आला की वेळेचे गणित सुरू होते. ६४० × ४८० च्या एका फ्रेममध्ये ३,०७,२०० पिक्सेल असतात आणि सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेममध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांचे अंतर पडते. सेकंदाला १ मीटर वेगाची गाडी तेवढ्यात ३.३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. प्रक्रियेला लागणारा वेळ त्यात आणखी मिळवायचा. टेबलावर अचूक चालणारा प्रोग्राम वळणावर रेषा सोडतो तो बऱ्याचदा याच उशिरामुळे. प्रतिमा लहान करणे किंवा फक्त खालची पट्टी तपासणे हा साधा उपाय. रंग ओळखताना लाल-हिरवा-निळा ही मूल्ये उजेडाबरोबर बदलतात, म्हणून ओपनसीव्ही या प्रतिमा तपासणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीत प्रतिमा एचएसव्ही (रंगछटा, गडदपणा, उजळपणा) रूपात नेऊन रंगछटा आणि उजळपणा वेगळे करतात. कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बंद केले नाहीत, तर ही मेहनत वाया जाते.

गाडी रेषेवर स्थिर ठेवण्यासाठी पीआयडी नियंत्रण, म्हणजे रेषेपासूनची चूक मोजून सतत दुरुस्ती करण्याची पद्धत, वापरतात. जेवढी चूक तेवढीच दुरुस्ती केली तर गाडी दोन्ही बाजूंना डुलत राहते. चूक किती वेगाने बदलते आहे तेही हिशेबात घेतले की डुलणे कमी होते.

मूल्यमापनात परीक्षकांसमोर एकदा नीट चाललेल्या प्रात्यक्षिकाला नको तेवढे वजन मिळते. वीस फेऱ्यांपैकी किती पूर्ण झाल्या, कोणत्या उजेडात, अंतरात किती सेंटिमीटर चूक आली, असा तक्ता अहवालात असेल तर उपकरणाची खरी पारख होते. बिघडलेल्या फेऱ्यांची नोंद गाळू नये. फेऱ्या घेण्याआधी मात्र ब्रेडबोर्डवरची (वायर नुसत्या खोचायच्या पाटीवरची) जोडणी सोल्डर करून घ्यावी, कारण मोटरच्या कंपनांनी जंपर वायर सैल होतात आणि मग बिघाड सेन्सरचा की जोडणीचा, हे तक्त्यावरून कळत नाही.