१८४४६७४४०७३७०९५५१६१५ (संख्या)

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही वीस अंकी विषम संख्या म्हणजे २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी दुप्पट करत गेल्यास ६४ घरांत मिळून इतके दाणे होतात. कथेत बुद्धिबळाचा शोध लावणारा राजाकडे बक्षीस म्हणून नेमके हेच दाणे मागतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दहं, शतं करत अठराव्या स्थानी परार्ध येतो. तिथेच नावे संपतात. ही संख्या त्यापुढची, १८४ परार्धांहून थोडी अधिक.

गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर पटाच्या पहिल्या अर्ध्या भागात सुमारे १७२ टन गहू लागतो. राजाला एवढे सहज परवडले असते. गंमत तेहतिसाव्या घरापासून सुरू होते. त्या एका घरातच आधीच्या ३२ घरांतल्या एकूण गव्हापेक्षा एक दाणा जास्त असतो. संपूर्ण पटाला जवळपास ७४,००० कोटी टन गहू हवा. बेरीज करायला मात्र ६४ पायऱ्या लागत नाहीत. २ चा वर्ग ४, त्याचा १६, मग २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. याचा पुन्हा वर्ग करून एक वजा केला की झाले. मध्ययुगीन विद्वान अल्-बिरुनीने हा हिशोब याच धर्तीवर केला होता.

आकारापेक्षा तिचे अवयव अधिक रंजक आहेत. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र पुन्हा पुन्हा लावले की ती ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७ अशी उलगडते. हे सहाही आकडे फर्मा संख्या आहेत, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत एक मिळवून येणाऱ्या. अशा सगळ्या संख्या मूळ असाव्यात, असे गणितज्ञ फर्माला वाटत होते. पहिल्या पाच आहेतही. सहावीने दगा दिला: १७३२ मध्ये ऑयलरने ती ६४१ × ६७००४१७ असल्याचे दाखवले. ६४१ नेच का भाग जातो? ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १ उरते. चौथा घात, म्हणजे ६२५ × २ चा २८ वा घात, केला की १ उरते. त्यात ६२५ च्या जागी उणे १६ ठेवले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते, म्हणून त्यात १ मिळवल्यास भाग पूर्ण जातो. एवढ्या मोठ्या संख्येचा निकाल भागाकार न मांडता लागतो.

एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. म्हणून विभाजक १२८. अंकांची बेरीज ८७, त्यामुळे ३ ने भाग जातो, ९ ने नाही.

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने ६४ एक. संगणकाच्या ६४ बिटांच्या चिन्हरहित (ऋण संख्या न धरणाऱ्या) पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. तिच्यात १ मिळवला की तिथे शून्य दिसते. कागदावर मात्र २ मिळवल्यास पुढची फर्मा संख्या येते. तीही मूळ नाही: १८८० मध्ये लँड्रीने तिचा २७४१७७ हा अवयव शोधला.