गाऊट

रक्तातले यूरिक अ‍ॅसिड दीर्घकाळ वाढलेले राहून सांध्यांत युरेटचे स्फटिक साचल्याने होणारा संधिवाताचा एक प्रकार. दुखणे अधूनमधून उसळते, पण रोग आतून सलग चालू असतो. उपचार फसतात ते बहुधा याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

पेशींतील व अन्नातील प्यूरिन या नत्रयुक्त संयुगांचे विघटन होऊन यूरिक अ‍ॅसिड तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे विकर त्याचे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. माणसात ते कार्यरत नाही. त्यामुळे निचऱ्याचा सुमारे दोन तृतीयांश भार मूत्रपिंडांवर आणि उरलेला आतड्यांवर पडतो. बहुसंख्य रुग्णांत यूरिक अ‍ॅसिड जास्त बनते म्हणून नव्हे, तर ते पुरेसे बाहेर पडत नाही म्हणून साचते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही पातळी चढते. स्त्रियांत हा विकार मुख्यतः रजोनिवृत्तीनंतर दिसतो.

रक्तातले यूरिक अ‍ॅसिड डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की स्फटिक बनू शकतात. थंड भागात ते लवकर बनतात, आणि पायाच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा सर्वाधिक सापडण्यामागे हे एक कारण मानतात. झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. पांढऱ्या पेशी स्फटिक गिळू पाहतात आणि दाह भडकतो. काही तासांत सांधा लाल, गरम आणि टरटरून सुजलेला होतो. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. एक-दोन आठवड्यांत हे सारे आपोआप ओसरते, आणि रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते. स्फटिक मात्र तिथेच असतात. वर्षानुवर्षे उपचार न झाल्यास बोटे, कोपर, कानाची कड येथे गाठी येतात. त्या फुटल्या तर खडूच्या लगद्यासारखा पांढरा पदार्थ बाहेर येतो.

खात्रीचे निदान सांध्यातल्या द्रवावरून होते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसतात. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ही पद्धत १९६१ मध्ये मांडली. ऐन झटक्यात रक्तातली पातळी सामान्यही येऊ शकते, म्हणून तेवढ्यावरून गाऊट नाही असे ठरवू नये. ताप असेल तर सांध्यातला जंतुसंसर्ग आधी वगळावा लागतो.

झटक्यावर दाहशामक औषधे, कोल्चिसीन किंवा स्टेरॉइड देतात. जितक्या लवकर तितके चांगले. मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांनी दाहशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत.

मूळ उपचार वेगळा आहे: पातळी ६ च्या खाली आणणे आणि तिथेच ठेवणे. त्यासाठीचे प्रमुख औषध अ‍ॅलोप्युरिनॉल. ते घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल विभागून मिळाले. मात्रा थोडीशी सुरू करून रक्ततपासणीनुसार वाढवतात. साठा विरघळू लागताच सुरुवातीचे काही महिने झटके वाढू शकतात. औषधच बाधले असे समजून पुष्कळजण नेमके तेव्हाच ते सोडतात, ही फार वाईट गोष्ट आहे. हे आधीच समजावून सांगून सोबत अल्प मात्रेत कोल्चिसीन द्यायला हवे. अंगावर पुरळ उठले तर मात्र गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जावे.

बिअर व इतर मद्य, फ्रुक्टोजयुक्त गोड पेये, यकृतासारखे अवयव, लाल मांस आणि काही मासे कमी केल्याने फायदा होतो. डाळी आणि पालेभाज्या सोडण्याची गरज नाही. पण केवळ पथ्याने पातळी थोडीच उतरते. म्हणून रुग्णाला खादाड ठरवणे अन्यायाचे आहे, आणि त्या संकोचापायी औषध टाळले जाते. पातळी ५ च्या खाली टिकवली तर जुन्या गाठीसुद्धा काही महिन्यांत किंवा वर्षांत विरघळतात.