टीएमएस डायझोमिथेन 'सेफ' कसं ठरलं, त्याची पार्श्वभूमी

ॲसिडचा मिथाइल एस्टर (ॲसिडला मिथाइल गट जोडून होणारं संयुग) करायला डायझोमिथेनइतकं सोपं काही नाही, हे सिंथेसिसवाल्यांना, म्हणजे नवे रेणू बनवणाऱ्या केमिस्टना, वेगळं सांगायला नको. इथरमधलं थंड पिवळं सोल्युशन थेंब थेंब टाकायचं, नायट्रोजनचे बुडबुडे येतात, पिवळा रंग टिकायला लागला की झालं, मग उरलेलं ॲसेटिक ॲसिडने मारायचं. धड वर्कअप नाही की कॉलम नाही, म्हणजे नंतर धुण्या-शुद्ध करण्याची कटकट नाही. दोन मिलिग्रॅम नॅचरल प्रॉडक्ट हातात असताना अशी चैन दुसरं कोण देतं? म्हणूनच विषारी, स्फोटक आणि वर कॅन्सरचा संशय असलेला हा गॅस शंभर वर्षं उलटून गेली तरी लॅबमधून गेला नाही. पण आज बऱ्याच ठिकाणी तो स्वतः बनवत नाहीत, त्याच्या जागी टीएमएस डायझोमिथेनची (ट्रायमिथाइल सिलिल जोडलेलं डायझोमिथेन) तयार बाटली मागवतात आणि नवीन पोराला सांगतात, अरे हे सेफ आहे, घे. हे 'सेफ' कुठून आलं ते बघण्यासारखं आहे.

जुना भाग थोडक्यात. 1894 साली जर्मनीत डायझोमिथेन सापडलं, पिवळा गॅस, उकळबिंदू उणे 23, आणि छातीत घेतलं तर काय होतं हेही लवकरच कळलं. त्याची बाटली विकत मिळत नाही, कधीच मिळाली नाही, प्रत्येकाने आपापलं बनवायचं. बनवायला लागायचा नायट्रोसो मिथाइल युरिया, तो फ्रीजमध्येच ठेवायला लागायचा कारण रूम टेंपरेचरला राहिला तर तोच फुटायची भीती. मग चाळीसच्या दशकाच्या शेवटी एमएनएनजी नावाचं दुसरं नायट्रोसो संयुग आलं, छोट्या स्केलला फार सोयीचं. गंमत (गंमत कसली) अशी की ही दोन्ही पुढे कॅन्सर रिसर्चमध्ये पोचली, उंदरांना मुद्दाम ट्यूमर करायला वापरली जाऊ लागली, आणि तोपर्यंत ऑरगॅनिकवाले ती साध्या स्पॅच्युलाने वजन करत होते. 1954 साली हॉलंडमधून टोल्यूइन सल्फोनामाइडवालं डायझाल्ड आलं, ते बरंच टिकाऊ, आणि आजही कोणी डायझोमिथेन बनवतो तेव्हा बहुतेक तेच असतं.

या सगळ्या काळात भीती कशाची होती? स्फोटाची. ग्राउंड जॉइंट (घासून खरखरीत केलेले काचेचे जोड) वापरायचे नाहीत, ओरखडा पडलेला फ्लास्क घ्यायचा नाही, काचेची कड आगीवर वितळवून गुळगुळीत केलेली हवी, वाळवायला केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) गोळ्या, दुसरं टोकदार क्रिस्टलवालं काही नाही, समोर ब्लास्ट शील्ड, लख्ख उन्हात काम नाही. डायझाल्डसाठी गुळगुळीत जॉइंटचे वेगळे काचेचे सेट विकायला आले. हे नियम चांगलेच आहेत, त्यांनी माणसं वाचवली असणार. पण त्यामुळे दोन पिढ्यांच्या डोक्यात डायझोमिथेनचा धोका म्हणजे धडाम असंच समीकरण बसलं. श्वासाचा धोका मॅन्युअलमध्ये शेवटच्या ओळीत. खरं तर हवेतली आठ तासांची मर्यादा दहा लाखात 0.2 भाग एवढीच आहे. आणि त्रास लगेच होतोच असं नाही, थोडा खोकला, छाती भरल्यासारखी, माणूस घरी जातो, जेवतो, आणि रात्री फुप्फुसात पाणी भरायला लागतं. 1949 साली एका मृत्यूचा रिपोर्ट शवविच्छेदनासह छापून आलेला होता, म्हणजे माहिती नव्हती असं नाहीच.

आता मुख्य मुद्दा. साठच्या दशकात एका हायड्रोजनच्या जागी ट्रायमिथाइल सिलिल (सिलिकॉनवाला गट) लावलेलं डायझोमिथेन, म्हणजेच टीएमएस डायझोमिथेन, तयार झालं. लिक्विड, उकळबिंदू 96 च्या आसपास, तापवलं तरी फुटत नाही. सुरुवातीला तो सिलिकॉनवाल्यांचाच विषय होता, पण 1981 च्या सुमारास जपानमधल्या एका ग्रुपने दाखवलं की मिथेनॉल मिसळलेल्या सॉल्व्हंटमध्ये हे टाकलं की रूम टेंपरेचरला मिथाइल एस्टर जवळपास पूर्ण यील्डने मिळतो. झालं. डायझोमिथेनची 'सेफ' बदली मिळाली. कॅटलॉगमध्ये हेक्झेन किंवा इथरमधलं 2 मोलर (लिटरमागे 2 मोल) सोल्युशन आलं, सेप्टा म्हणजे सुई खुपसता येणारं रबरी बूच असलेली बाटली, सिरिंजने काढा आणि टाका. रिव्ह्यूमध्ये, पेपरमध्ये तेच वाक्य फिरत राहिलं की हे डायझोमिथेनला सुरक्षित आणि स्थिर पर्याय आहे. 'स्थिर' खरं होतं. 'सुरक्षित' हे स्थिरवरूनच काढलेलं अनुमान होतं, फुटत नाही म्हणून सुरक्षित, एवढंच. फुप्फुसात गेल्यावर काय, याची नीट तपासणी करून कोणी तो शब्द लिहिला होता असं त्या काळच्या लिखाणात दिसत नाही, आणि माझ्या मते हा त्या काळातला सगळ्यात महागात पडलेला आळस आहे. विकणाऱ्यांना दोष द्यायचा की वापरणाऱ्यांना यावर वाद होतो, मी विकणाऱ्यांना जास्त देईन, कारण सेफ्टी डेटा शीट त्यांनी लिहायची असते आणि त्या शीट आग, चटके, डोळे यावरच बोलत होत्या.

त्यात मिथेनॉलची भानगड वेगळीच. मिथेनॉल का घालायचं तर नाहीतर नुसता मिथाइल एस्टर येत नाही, सिलिल मिथाइलवाला एस्टर पण येतो, हे प्रोसिजरमध्ये सरळ लिहिलेलं असायचं. पण मिथेनॉल तिथे काय करतं याचं उत्तर 2007 मध्ये नीट मिळालं: ॲसिड प्रोटॉन देतं, मिथेनॉल सिलिल काढून घेतं, आणि फ्लास्कमध्ये डायझोमिथेनच तयार होऊन तेच एस्टर करतं. म्हणजे पंचवीस वर्षं लोक ज्याच्यापासून पळ काढत होते तेच स्वतःच्या हाताने फ्लास्कमध्ये बनवत होते, फक्त हळूहळू. त्या पेपरमुळे लॅबमध्ये घबराट वगैरे झाली नाही, मेकॅनिझमचा छान पेपर म्हणून लोकांनी वाचला आणि बाजूला ठेवला. आकडा मांडून बघा म्हणजे कळेल. 25 मिलिलिटरची 2 मोलर बाटली म्हणजे 0.05 मोल, त्याचं सगळं डायझोमिथेन झालं तर साधारण 1.2 लिटर गॅस. तो 0.2 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखात 0.2 भागापर्यंत, पातळ करायला सहा हजार घनमीटर हवा लागेल. दहा बाय आठ मीटरची, तीन मीटर उंच लॅब धरली तर अशा पंचवीस लॅब. एका छोट्या बाटलीसाठी!

आणि मग 2008. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये एक केमिस्ट टीएमएस डायझोमिथेन वापरत होता, इमारतीच्या छतावर काम चालू असल्यामुळे फ्युम हूडचं (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचं) एक्झॉस्ट बंद होतं. त्रास नंतर वाढला, हॉस्पिटलमध्ये नेलं, तो वाचला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू जर्सीमध्येही एक तरुण केमिस्ट याच रिएजंटच्या संपर्कानंतर गेला. दोन्हीकडे फुप्फुसं. स्फोट कुठेच नाही, काच फुटली नाही, आग नाही. कॅनडातला खटला पुढे वेंटिलेशनच्या मुद्द्यावर झाला, केमिकलवर नाही, आणि कायद्याच्या बाजूने ते बरोबरही असेल, पण त्यामुळे 'हूड चालू असता तर काही प्रश्नच नव्हता' असा सूर लागला. हूड हवाच, त्यात वाद नाही. पण 'सेफ' म्हटलेल्या बाटलीसाठी माणूस हूडच्या बाबतीत ढिला पडतो, जे डायझोमिथेन म्हटल्यावर पडला नसता, हे त्या चर्चेत फारसं आलं नाही.

अजून न सुटलेला भाग असा की शरीरात नेमकं कोण मारतं, हा सिलिलवाला रेणू स्वतः, का फुप्फुसातल्या ओलाव्यात त्याच्यापासून सुटणारं डायझोमिथेन. लक्षणं इतकी सारखी आहेत की दुसरी शक्यता बऱ्याच जणांना पटते, पण पटणं आणि दाखवणं वेगळं. व्यवहारात फरक पडत नाही म्हणा. मृत्यूंनंतर शीट बदलल्या, 'श्वासावाटे गेल्यास प्राणघातक' हे कवटीच्या चिन्हासकट आलं. जुनी छापलेली शीट फाइलला लावलेली लॅब मात्र अजूनही सापडेल, आणि जुने पेपर तर कोणी दुरुस्त करत नाही, त्यात ते 'सेफ' आजही तसंच वाचायला मिळतं.

मजेची गोष्ट, मोठ्या कारखान्यांनी उलटा रस्ता धरला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून एचआयव्हीची प्रोटीएज इनहिबिटर औषधं आली, त्यातल्या काहींच्या मधल्या टप्प्याला खरं डायझोमिथेनच सोयीचं होतं, तेही टनावारी. तिथे त्यांनी बदली रिएजंट शोधत न बसता प्लँटच असा केला की गॅस बनतो आणि लगेच पुढच्या टाकीत खर्च होतो, साठा कुठेच नाही, माणूस दूर. नंतर 2010 नंतरच्या दशकात हेच लॅबच्या स्केलला आलं, नळीत नळी, आतली नळी अशा टेफ्लॉनसारख्या पॉलिमरची की तिच्यातून गॅस बाहेरच्या नळीत झिरपतो आणि पाणी, केओएच आतच राहतं. बाहेरच्या नळीत तुमचं ॲसिड वाट बघत असतं. बाटलीत भरून ठेवायची वेळच येत नाही.

आपल्याकडे अशी नळी किती लॅबना परवडते हा प्रश्नच आहे. 2,4-डीसारख्या तणनाशकाचे अंश जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) बघायला मिथाइल एस्टर करायची पद्धत जुनी आहे, तिथे अजूनही डायझोमिथेन लागतं असं समजून चालतात, पण फॅटी ॲसिडसाठी बोरॉन ट्रायफ्लोराइड आणि मिथेनॉल चालतं, साध्या ॲसिडला मिथेनॉलमध्ये ट्रायमिथाइल सिलिल क्लोराइड चालतं. मिथाइल आयोडाइड, डायमिथाइल सल्फेटही चालतं, फक्त ते सोपं म्हणून घेऊ नका, डायमिथाइल सल्फेट पण असंच उशिरा मारतं. टीएमएस डायझोमिथेन घ्यायचंच असेल तर आधी हूडच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरून ती आत ओढली जाते का बघा, दिवा लागलाय म्हणजे हवा ओढतोय असं नाही. बाटल्यांनी भरलेल्या हूडमध्ये ती पट्टी अनेकदा नुसती लोंबते. उरलेलं ॲसेटिक ॲसिडने मारताना बुडबुडे थांबून रंग जाईपर्यंत फ्लास्क, सिरिंज, सुई, सगळं हूडमध्येच राहू द्या, सुई धुवायला सिंककडे नेऊ नका. आणि कोणी हुंगलं असा नुसता संशय असला, तो माणूस बरा दिसत असला तरी त्याला घरी पाठवायचं नाही, हॉस्पिटलमध्ये रात्रभर ऑक्सिजन बघत ठेवायचा, आणि सोबत केमिकलचं नाव लिहिलेली नवीन शीट द्यायची, नाहीतर कॅज्युअल्टीतला डॉक्टर ॲसिडिटी समजून गोळी देऊन परत पाठवतो.